नाशिकची शहर बस आणि गर्दी शुल्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहर बस वाढवा, तिचं तिकीट परवडेल असं ठेवा आणि त्यासाठी जुन्या नाशकात गर्दीच्या वेळी चारचाकी घेऊन येणाऱ्यांकडून थोडे पैसे घ्या, असं म्हटलं की समोरचा माणूस एका दमात पाच-सहा प्रश्न विचारतो. थांब्यावर, सोसायटीच्या बैठकीत, दुकानाच्या काउंटरवर मला विचारले गेलेले ते प्रश्न इथे घेतले आहेत. हे कुठल्या कार्यालयाचं परिपत्रक नाही आणि नाशकात असं शुल्क लागू झालेलं नाही. रोज बसने फिरणाऱ्या एका नाशिककराने मांडलेली ही बाजू आहे. थोडक्यात ती अशी: बस आधी, शुल्क नंतर, आणि शुल्कातला रुपयान् रुपया बसला.

गर्दी शुल्क म्हणजे नेमकं काय?

शहराच्या दाटीच्या भागात ठरावीक वेळेत खासगी गाडी घेऊन शिरायचं असेल तर त्यासाठी द्यायचे पैसे. टोल रस्ता बांधायचा खर्च वसूल करतो, पार्किंगचे पैसे उभ्या गाडीचे असतात. गर्दी शुल्क चालत्या गाडीसाठी आहे. अरुंद रस्त्यावर आणखी एक गाडी आली की मागच्या सगळ्यांचा थोडा थोडा वेळ जातो, त्या वेळेची ही किंमत. दुपारी दोनला किंवा रात्री दहाला रस्ता मोकळा असेल तर शुल्क कमी किंवा शून्य असायला हवं.

म्हणजे जकात नाका परत आणताय का?

मेन रोडवरच्या जुन्या व्यापाऱ्यांचा हा पहिला प्रश्न, आणि तो रास्त आहे. नाक्यावरच्या ट्रकच्या रांगा, पावत्या, हुज्जत हे सगळं त्यांनी सोसलं आहे. नाशकात २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली, मग तीही गेली आणि २०१७ मध्ये जीएसटी आला. पण जकात मालावर होती. गर्दी शुल्क मालावर नाही, गाडीने अडवलेल्या जागेवर आहे, आणि ते घ्यायला कुठेही नाका उभारावा लागत नाही. कॅमेरा नंबरप्लेट वाचतो आणि पैसे फास्टॅगसारख्या खात्यातून जातात. गाडी थांबत नाही.

बाजारात शिरायला पैसे मोजणं नाशिककरांना अगदीच अनोळखी नाही, हेही आठवून बघा. मार्च २०२१ च्या अखेरीस, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मेन रोड-शालिमार भागात बाजारात जायला माणशी ५ रुपयांची पावती लागत होती. एका तासासाठी, आणि तास उलटला तर ५०० रुपये दंड. कारण वेगळं होतं आणि पद्धतही चुकीची वाटली, कारण पायी येणारी बाई आणि गाडीतून येणारा साहेब दोघांना तोच दर. पायी आणि बसने येणाऱ्याला काहीच न लावता जास्त जागा अडवणाऱ्याला लावलं पाहिजे, हा धडा मी त्यातून घेतो.

नाशकात एवढी गर्दी कुठे आहे? हे मुंबई-पुण्याचं दुखणं आहे.

सगळ्या नाशकात नाही. पाथर्डी फाट्याला किंवा म्हसरूळला शुल्क लावा असं कोणीच म्हणत नाही. आपण बोलतोय ते अशोक स्तंभ, रविवार कारंजा, मेन रोड, भद्रकाली, शालिमार, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) आणि एमजी रोड एवढ्या पट्ट्याबद्दल. एका बाजूला गोदावरी, आत वाड्यांमधल्या गल्ल्या, आणि पंचवटीतून येणारी बरीचशी वाहतूक होळकर पुलावरून थेट कारंजावर. या रस्त्यांची रुंदी वाढवायची म्हणजे वाडे पाडायचे. ते शक्य नाही आणि होऊही नये.

गेल्या पावसाळ्यातली एक संध्याकाळ सांगतो. साडेसहाची वेळ. पंचवटीतल्या निमाणी स्थानकाहून निघालेली बस पूल उतरून कारंजावर चांदीच्या गणपतीजवळ आली आणि थांबली. पुढे एक पांढरी मोटार, चारही इंडिकेटर चालू, आत कोणी नाही. डाव्या बाजूला दुचाक्यांची रांग, उजवीकडून समोरची वाहतूक. चालकाने हॉर्न दिला, परत दिला. मग कंडक्टर खाली उतरला, भिजत दुकानादुकानांत विचारत फिरला, "गाडी कोणाची हो? बस अडकलीय." बसमध्ये पन्नासेक माणसं. माझ्या शेजारी औषधांची पिशवी मांडीवर घेतलेले आजोबा होते, पुढच्या सीटवरची क्लासहून परतणारी मुलगी फोनवर सांगत होती, "आई, कारंजावरच आहे अजून." घड्याळात मी ११ मिनिटं मोजली. तेवढ्यात मागून त्याच मार्गाची दुसरी बस येऊन आमच्या मागे उभी राहिली.

ती दुसरी बस महत्त्वाची आहे. "अर्धा तास बस नाही, आणि आल्या तर दोन एकदम," ही तक्रार तुम्ही केली असेल, मीही केली आहे. वेळापत्रक करणारा मूर्ख नसतो. डेपोतून दोन बस वेळेवर निघतात, पहिली कुठेतरी अडकते, तिच्यासाठी थांब्याथांब्यावर जास्त लोक साचतात, त्यांना चढवायला तिला आणखी वेळ लागतो, आणि मागची रिकामी बस तिला गाठते. म्हणजे त्या मोटारीने ११ मिनिटं बसमधल्यांची खाल्लीच, शिवाय पुढच्या प्रत्येक थांब्यावर उभ्या असलेल्यांचीही खाल्ली.

शुल्काने बसला नेमका काय फायदा? पैसे मिळतील एवढंच ना?

पैसे मिळतीलच, पण त्याआधी वेग मिळेल, आणि तो पैशाइतकाच मोलाचा आहे. कागद-पेन घ्या.

१२ किलोमीटरचा मार्ग धरा. बस ताशी १२ किलोमीटरने जात असेल तर जायला एक तास, यायला एक तास. दर दहा मिनिटांनी फेरी द्यायची तर त्या मार्गावर १२ बस लागतात. रस्ता मोकळा झाला आणि तीच बस ताशी १८ ने जाऊ लागली, तर जाऊन-येऊन ८० मिनिटं. आता दहा मिनिटांच्या फेरीला ८ बस पुरतात. उरलेल्या चार बस दुसऱ्या मार्गावर सोडा, किंवा इथेच ठेवून दहाऐवजी पावणेसात मिनिटांनी फेरी द्या. एकही नवी बस न घेता, एकही जादा चालक न नेमता. (टोकाच्या थांब्यावरचा विसावा हिशोब सोपा राहावा म्हणून धरलेला नाही, तो धरला तरी दिशा तीच राहते.)

आपल्याकडे बस पुरेशा आहेत का?

नाहीत. एसटीकडून शहर सेवा महापालिकेकडे आली आणि ८ जुलै २०२१ रोजी सिटीलिंक सुरू झाली. नियोजन २५० बसचं होतं, २०० सीएनजी आणि ५० डिझेल. तपोवन आणि नाशिकरोड इथे डेपो. स्वच्छ बस, मशीनचं तिकीट, मोबाइलवर बस कुठे आहे ते दिसणं, हा बदल खरोखर मोठा होता आणि तो करणाऱ्यांचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

पण आकडा बघा. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाच्या निकषांत दर हजार लोकसंख्येमागे ०.६ किंवा जास्त बस असतील तर ती सर्वात वरची श्रेणी, ०.२ च्या खाली असतील तर सर्वात खालची. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत १४,८६,०५३ लोक होते. वरच्या श्रेणीसाठी त्या लोकसंख्येलाच जवळपास ८९० बस लागतात. २५० म्हणजे हजारी ०.१७. आणि २०११ नंतर शहर किती पसरलं हे मखमलाबाद, आडगाव, पाथर्डी, जेलरोड भागात राहणाऱ्यांना सांगायला नको.

एकदम ८९० बस आणा असं मी म्हणत नाही. मुख्य सात-आठ मार्गांवर दहा मिनिटांच्या आत बस हवी: निमाणी ते नाशिकरोड, सीबीएस ते सातपूर, सिडको ते पंचवटी असे. दहा मिनिटांच्या आत बस येत असेल तर माणूस वेळापत्रक बघत नाही, सरळ थांब्यावर येऊन उभा राहतो. अर्ध्या तासाने येत असेल तर तो हप्त्यावर स्कूटर घेतो, आणि एकदा हप्ता सुरू झाला की पुढची काही वर्षं तो बसकडे परत येत नाही.

मग आधी काय, बस की शुल्क?

बस. यावर तडजोड नको.

स्टॉकहोमने ते कसं केलं ते बघा. गर्दी शुल्काची चाचणी ३ जानेवारी २००६ ला सुरू झाली, पण जादा बस ऑगस्ट २००५ पासूनच रस्त्यावर होत्या, जवळपास २०० नव्या बस आणि १६ नवे मार्ग. लोकांना आधी पर्याय दिला आणि मग पैसे मागितले. चाचणी सुरू होण्याआधी शहरात विरोध जोरात होता. सुरू झाल्यावर शुल्काच्या रेषेवरची वाहतूक साधारण २० टक्क्यांनी उतरली. ३१ जुलैला चाचणी थांबली, गाड्या परत वाढल्या, आणि सप्टेंबरमध्ये शहराने मतदानात शुल्काच्या बाजूने कौल दिला. ऑगस्ट २००७ पासून ते कायम झालं. लोकांनी आधी, मध्ये आणि नंतर असे तिन्ही रस्ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, भाषणं ऐकून मत बनवलं नव्हतं.

लंडननेही १७ फेब्रुवारी २००३ ला ५ पौंडांचं शुल्क लावलं तेव्हा त्याच्या जोडीला सुमारे ३०० जादा बस दिल्या. आणि सिंगापूरने तर १९७५ मध्ये, कॅमेरे नसताना, काचेला चिकटवायच्या कागदी परवान्यावर हे सुरू केलं. प्रवेशद्वारावर माणसं उभी राहून परवाना बघायची. तेव्हा "आपल्याकडे तंत्रज्ञान नाही" ही सबब चालणार नाही.

हे कुठे फसलं नाही का?

फसलं आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. एडिनबरोच्या लोकांनी २००५ मध्ये जवळपास तीन चतुर्थांश मतांनी शुल्क नाकारलं. मँचेस्टरने २००८ मध्ये त्याहून मोठ्या फरकाने. दोन्हीकडे आधी मत मागितलं, सुधारलेली बस नंतर येईल असं सांगितलं. लोकांनी वायद्यावर पैसे द्यायला नकार दिला आणि मी तिथे असतो तर मीही कदाचित तेच केलं असतं.

लंडनमध्ये पहिल्या काही वर्षांत मोटारी घटल्या, पण कोंडी हळूहळू परतली. रस्त्यांची खोदकामं हे एक कारण होतं. पुढे ॲपवर बोलवायच्या गाड्या प्रचंड वाढल्या, आणि त्यांना शुल्कातून सूट होती. ती २०१९ मध्ये काढली. नाशकात कोणाला सूट द्यायची हे ठरवताना हे डोळ्यांपुढे ठेवायला हवं. सूट देणं एका दिवसात होतं, काढायला वर्षं लागतात.

बसचं तिकीट आत्ताच परवडत नाही, त्याचं काय?

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण बसचा खरा प्रश्न हा आहे.

पेठ फाट्याकडून कॉलेज रोडला चार घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या एक मावशी मला थांब्यावर नेहमी भेटतात. पदराच्या गाठीत सुटे पैसे. त्या बसचं तिकीट आणि शेअर रिक्षाचं सीट यांचा हिशोब रोज नव्याने करतात. महिन्याचा पास का काढत नाही असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "बाबा, पगार चार घरचा चार तारखांना येतो. एकदम पैसे कुठून काढू?" पास स्वस्त असतो हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण महिन्याची रक्कम एका दिवशी काढायची ताकद ज्याच्याकडे आहे त्यालाच तो स्वस्त पडतो.

म्हणून सवलतीची पद्धत बदलायला हवी. रोज तिकीट काढत जा, आणि महिन्यात पासाच्या रकमेएवढे पैसे झाले की पुढचा प्रवास आपोआप मोफत. लंडनमध्ये कार्डावर दिवसाची आणि आठवड्याची अशी कमाल मर्यादा आहे, तिच्यापुढे पैसे कापले जात नाहीत. आपल्याकडे मशीनचं तिकीट आणि कार्ड असताना हे करता येण्यासारखं आहे. स्मार्टफोन नसणाऱ्यांसाठी साधं, रिचार्ज करता येणारं कार्ड हवं, कंडक्टरकडेच मिळणारं.

आता मध्यमवर्गाचा हिशोब. एका बाजूचं तिकीट २५ रुपये धरा. रोजचे ५०, महिन्याचे २६ दिवस, १३०० रुपये. तोच माणूस दुचाकीवर रोज २० किलोमीटर जातो. लिटरला ५० किलोमीटर, पेट्रोल १०५ रुपये धरलं तर दिवसाला ४२, महिन्याला १०९२. मागे बायको बसली तर तेवढ्याच पैशात दोघं. गाडीचा हप्ता, विमा, टायर हे सगळं मिळवलं तर बस स्वस्त आहे, पण रोज सकाळी किल्ली उचलताना हप्ता कोणी मोजत नाही. पेट्रोलच मोजतो. म्हणजे बस एकट्या माणसालाही पेट्रोलपेक्षा स्वस्त पडली पाहिजे, आणि कुटुंबाला तर ठळकपणे. रविवारी चौघांना पंचवटीत जायचं तर एकच कौटुंबिक तिकीट असावं, ही माझी जुनी मागणी आहे.

बदली तिकीट हा तिसरा मुद्दा. जेलरोडहून सातपूरला जायला सीबीएसला बस बदलावी लागली तर माणूस दोनदा पैसे का देईल? पहिल्या तिकिटापासून दीड-दोन तास ते कुठल्याही बसला चालावं. मार्ग आखणाऱ्यालाही याने मोकळीक मिळते. सगळीकडून सगळीकडे थेट बस देण्याची गरज उरत नाही, थोडे मार्ग पण दाट फेऱ्या देता येतात.

मोफतच का करत नाही? दिल्ली, कर्नाटकात महिलांना मोफत आहे.

दिल्लीत ऑक्टोबर २०१९ पासून, कर्नाटकात ११ जून २०२३ पासून महिलांना मोफत प्रवास आहे. आपल्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे. या योजनांनी लाखो बायका घराबाहेर पडल्या, कामाला लागल्या, माहेरी गेल्या. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

पण क्रम इथेही तोच. तिकीट उतरवलं आणि बस तेवढ्याच राहिल्या तर दारात लोंबकळायची वेळ येते, आणि गर्दीत सगळ्यात आधी बस सोडतात त्या बायका आणि म्हातारी माणसंच. मुंबईत जुलै २०१९ मध्ये बेस्टचं किमान भाडं ८ वरून ५ रुपये केलं, प्रवासी वाढले. तोटा भरून काढायला कायमचा स्रोत मात्र नव्हता. मे २०२५ मध्ये तेच भाडं १० रुपये झालं. नाशकात सवलत द्यायची तर ती कोणत्या पैशातून हे त्याच ठरावात लिहिलेलं हवं.

शुल्कातून असा किती पैसा मिळेल?

सोन्याची खाण नाही. समजा दिवसाला १०,००० मोटारींनी ५० रुपये दिले आणि वर्षात ३०० दिवस धरले, तर १५ कोटी. बस चालवायचा खर्च किलोमीटरला ७० रुपये आणि दिवसाला २०० किलोमीटर धरला तर एका बसला वर्षाला साधारण ५१ लाख लागतात. म्हणजे पूर्ण खर्च उचलायचा तर २९ बस. निम्मा खर्च तिकिटातून निघत असेल तर ५८. हे आकडे समजावण्यासाठी धरलेले आहेत, कुठल्या अहवालातले नाहीत. यातून वसुलीचा खर्चही वजा होतो. लंडनमध्ये सुरुवातीच्या वर्षांत तो बराच मोठा होता.

पन्नास बस कमी वाटतील. पण २५० वर ५० म्हणजे आजच्या दर पाच बसमागे एक नवी बस, शिवाय वर सांगितलेल्या वेगामुळे सुटणाऱ्या बस वेगळ्या. केंद्राच्या पीएम ई-बस सेवेसारख्या योजनेत (२०२३ मध्ये मंजूर झालेली, देशभरात १०,००० बस) बस मिळाली तरी ती रोज चालवायचा खर्च शहरालाच करावा लागतो. तिथे हा पैसा कामी येतो.

पैसा रस्त्यात, पुतळ्यात नाहीतर आणखी कुठे मुरणार नाही कशावरून?

हा संशय मला सगळ्यात जास्त पटतो. उपाय एकच: कायद्यात लिहून घेणं. लंडनच्या कायद्यात शुल्काचं निव्वळ उत्पन्न वाहतुकीवरच खर्च करायचं बंधन होतं. नाशकात वेगळं बँक खातं हवं, दर तिमाहीला जमा-खर्च प्रसिद्ध व्हायला हवा, आणि तो बसमध्ये चिकटवलेला असावा, चालकाच्या मागच्या काचेवर, मराठीत, मोठ्या अक्षरांत: एवढे जमले, एवढ्या फेऱ्या वाढल्या. खात्यातून पहिला हक्क चालक आणि कंडक्टर यांच्या पगाराचा असावा, मग ते ठेकेदाराकडचे का असेनात. पगार थकला की बस डेपोत उभी राहते, आणि थांब्यावरच्या माणसाला ठेकेदार कोण आणि सिटीलिंक चालवणारं महामंडळ कोण याच्याशी काही देणंघेणं नसतं.

महापालिकेला असं शुल्क लावायचा अधिकार आहे का?

एकटीला नाही, असं मला वाटतं. वाहनांवरचा कर हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्याच्या यादीत येतो, त्यामुळे विधिमंडळाकडून स्पष्ट तरतूद करून घ्यावी लागेल. भारतात एकाही शहरात अजून खासगी मोटारींवर गर्दी शुल्क नाही. जवळचं उदाहरण दिल्लीचं, तिथे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१५ पासून शहरात शिरणाऱ्या ट्रककडून पर्यावरण भरपाई शुल्क घेतात. उलट दिशेचं उदाहरण मुंबईचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. राजकीय वारा कुठे वाहतो हे त्यातून दिसतं, आणि ते मान्य करूनच बोलायला हवं.

पार्किंगचं मात्र महापालिका आणि वाहतूक पोलीस यांच्या हातात आहे. म्हणून सुरुवात तिथून: एमजी रोड, मेन रोड, शालिमारला रस्त्यावरचं फुकट पार्किंग बंद, तासाला चढता दर, आणि त्याचे पैसे बसच्या खात्यात. शुल्काची ही रंगीत तालीम समजा.

दुचाकीलाही लागणार का?

सुरुवातीला नको. स्टॉकहोम आणि लंडनमध्ये दुचाकीला सूट आहे, सिंगापूरमध्ये १९८९ पासून लागते. नाशकात दुचाकी हे कष्टकऱ्यांचं वाहन आहे, आणि बस सुधारल्याचं सिद्ध होईपर्यंत त्यांच्या खिशाला हात लावणं अन्याय होईल. वाटेल तिथे दुचाकी लावण्याला मात्र माझी सहानुभूती नाही.

आमचा धंदा बसेल. सराफ बाजारात बसने कोण येणार?

लग्नाचं सोनं घ्यायला लोक मोटारीनेच येतील, येऊ द्या. पन्नास हजारांची खरेदी करणाऱ्याला पन्नास रुपये जड नाहीत. त्याला आज काय जड जातं, तर अर्धा तास जागा शोधत फिरणं. जागा मिळाली नाही की तो कॉलेज रोडच्या शोरूमला किंवा मॉलला जातो, आणि हे गिऱ्हाईक तुम्ही आत्ताच, शुल्क नसताना, गमावत आहात. मेन रोडचं रोजचं गिऱ्हाईक, कपडे, भांडी, मसाले, पूजेचं साहित्य घेणारं, ते सिडको, नाशिकरोड, पंचवटी आणि आसपासच्या गावांतून बस-रिक्षानेच येतं. मालाच्या टेम्पोला सकाळी नऊच्या आत शुल्क नसावं, ही व्यापाऱ्यांची मागणी मला शंभर टक्के मान्य आहे.

जुन्या नाशकात राहणाऱ्यांनी घरी जायलाही पैसे द्यायचे?

नाही. लंडनने भागातल्या रहिवाशांना सुरुवातीला ९० टक्के सूट दिली. आपल्याकडे घरटी एका गाडीला पूर्ण सूट असावी. रुग्णवाहिका, दिव्यांगांची वाहनं, शाळेच्या गाड्या यांना अर्थातच. रुग्णाला घेऊन आलेल्या खासगी गाडीला रुग्णालयाच्या शिक्क्यावर पैसे परत. सरकारी गाड्यांना मात्र रुग्णसेवा, अग्निशमन आणि पोलीस सोडून सूट नको. साहेबांची गाडीही तेवढीच जागा अडवते.

रिक्षावाल्यांचं पोट?

त्यांना शुल्क नको. बस मुख्य रस्त्यावर, रिक्षा आतल्या कॉलनीतून थांब्यापर्यंत, अशी वाटणी झाली तर दोघांचं भागतं. थांब्यापासून वीस पावलांवर शेअर रिक्षाला अधिकृत जागा आखून द्या. आज जागाच नाही म्हणून रिक्षा बसच्या तोंडाशी उभ्या राहतात आणि मग भांडणं होतात.

सातपूर-अंबडच्या कामगारांना याचा काय उपयोग? ते तर शुल्काच्या भागात येतच नाहीत.

म्हणूनच त्यांना शुल्क नाही आणि बस मात्र आहे. पहिली पाळी सातची, दुसरी सुटते रात्री अकराला. पावणेसातला कंपनीच्या गेटपाशी पोहोचवणारी आणि सव्वाअकराला तिथून उचलणारी बस असेल तर उपयोग. त्यातही रात्री बायकांना दोन थांब्यांच्या मध्ये, घराजवळ उतरता यावं.

मेट्रो आली की प्रश्न सुटेलच ना?

२०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओसाठी (रबरी टायरवर चालणारी मेट्रो) २,०९२ कोटींची घोषणा झाली. ती होईल तेव्हा होईल, स्वागतच आहे. पण मेट्रो आली तरी स्टेशनपर्यंत बसच नेणार.

कुंभमेळा तोंडावर असताना हे काय काढलंय?

कुंभामुळेच आत्ता काढलंय. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमृतस्नानं (पूर्वीची शाही स्नानं) आहेत. २०१५ च्या कुंभात आपण काय केलं? बाहेरच्या गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबवल्या आणि तिथून लोकांना बसने आत आणलं. दर श्रावणात ब्रह्मगिरीच्या फेरीला त्र्यंबकच्या वाटेवर एसटीच्या जादा गाड्या सोडतो आणि खासगी गाड्या आवरतो. म्हणजे "गाडी बाहेर, माणूस बसने आत" हे आपल्याला जमतं. तेव्हा कोणी म्हणत नाही की माझ्या हक्कावर गदा आली.

कुंभासाठी शहरात मोठी कामं निघतात. तेव्हाच चांगले थांबे, पावसात न भिजणारं छप्पर, बसच्या पायरीला समांतर उंचीचा ओटा, सिग्नलला बस आधी सोडण्याची सोय, द्वारका आणि मुंबई नाक्याला बससाठी वेगळी मार्गिका हे करून घेतलं तर पर्वणी संपल्यावरही ते आपल्याकडे राहील.

मी एकटा काय करू?

मोजा. पंधरा दिवस एका वहीत लिहा: तारीख, थांबा, मार्ग क्रमांक, बस यायची वेळ, आली ती वेळ, बसायला जागा मिळाली की उभं राहावं लागलं, आणि कुठे किती मिनिटं अडकली. तीन शेजाऱ्यांना लिहायला लावा. "बस कधीच वेळेवर नसते" या वाक्याला अधिकारी मान डोलावतात आणि विसरतात. "अशोक स्तंभ, सायंकाळी ६ ते ७, पंधरा दिवसांत नऊ वेळा २५ मिनिटांहून जास्त" असा कागद हातात पडला की उत्तर द्यावं लागतं. तो कागद प्रभागाच्या नगरसेवकाला, महामंडळाला आणि वाहतूक पोलिसांना, तिघांनाही द्या, आणि पोच घ्या. महापालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरतं, त्यामुळे वही दिवाळीनंतर लगेच सुरू केलेली बरी.